तायडेकाकांची फुली

तायडेकाका कोणाच्याही घरी गेले की चहा संपवून कप उलटा करायचे आणि त्याचं बूड पाहायचे. मग बशीचं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, चहात काही निघालं की काय. आमच्या आईनं तर सुरुवातीला धसकाच घेतला होता. ते येणार म्हटलं की ती कपबश्या घासून ठेवायची, बुडाकडून जरा जास्तच. पण काकांना स्वच्छतेशी काही देणंघेणं नव्हतं. कप कोणत्या कारखान्यातला, त्यावर नाव आहे की नाही, एवढंच त्यांना पाहायचं असे. नाव नसलं की ते कप खाली ठेवत आणि आईला म्हणत, "वरून सारेच साहेब दिसतात, वहिनी. खरं काय थे बुडाशी असते."

ही खोड नोकरीतली. काका सरकारी खात्यात वजनमापांचे निरीक्षक होते. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, आणि तपासणी झाली की त्या शिशावर शिक्का मारतात. उभी हयात हा माणूस अमरावती आणि अकोल्याच्या बाजारांत लोकांची वजनं उलटी करत हिंडला. मग कप आले, कुकर आला, गॅसची नळी आली, विजेची बटणं आली. आमच्या घरात त्यांच्या तावडीतून फक्त देव्हारा सुटला, तोही आई आडवी उभी राहिली म्हणून.

बाबांची आणि त्यांची गाठ पडली ती भांडणानंच. वलगावला आमचा मळा, आणि अमरावतीच्या भाजीबाजारात बाबांचं दुकान. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुकानावर बसले होते. चष्मा लावलेला, सावळा, किरकोळ अंगाचा एक माणूस आला, त्यानं आमचं किलोचं वजन आपल्या पितळी वजनाशी तोलून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "सुदामभाऊ, हे वजन खोटं आहे."

बाबा उसळले. "म्या आजवर कोनाले एक मिरची कमी देल्ली नाई!"

"कमी कोन म्हनते? जास्त आहे. शिसं जास्त भरलं गेलं. तुमी रोज गिऱ्हाइकायले फुकटात वांगे खाऊ घालून राह्यले."

सगळा बाजार हसला. बाबाही हसले आणि म्हणाले, मग राहू द्या साहेब, नुकसान माझंच आहे ना. काकांनी ऐकलं नाही. पिशवीतून छिन्नी काढली आणि शिक्क्यावर आडवीउभी फुली मारली. "जास्त असो का कमी, खोटं थे खोटं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्यांच्याकडे वांग्यांची पिशवी पाठवली, ती जशीच्या तशी परत आली. सोबत निरोप होता : नोकरी आहे तोवर वांगे नाही, चहा चालेल. त्या चहातून जी दोस्ती झाली तिला बाजारात तोड नव्हती. बाबा पुढे त्यांना साहेब म्हणायचं सोडून नुसतं तायडे म्हणू लागले. काकांनी मात्र सुदामभाऊतला भाऊ कधी सोडला नाही.

निवृत्तीनंतर काका अकोल्याला मुलाकडे राहायला गेले. तोवर बाजारात काट्यांवर आकडे दिसू लागले होते. माणसाला उलटं करायला काही उरलं नाही. त्यांच्या सूनबाई मला फोनवर म्हणाल्या होत्या, "मामंजी दिवसभर माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत बसतात हो." नेमकी तेव्हाच मला मूर्तिजापूरच्या कॉलेजात नोकरी लागली आणि मी मोटारसायकल घेतली. काका खास अकोल्याहून गाडी पाहायला आले. गाडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं, उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि आतली चिठ्ठी वाचायला सुरुवात केली. त्यांचा चेहरा असा उजळला की, अहो, हा माणूस नव्यानं नोकरीला लागला असंच मला वाटलं.

त्यानंतर काकांनी हेल्मेटांचा जो अभ्यास केला तो आमच्या कॉलेजात पीएचडीवालेही करत नाहीत. मुलाची जुनी हेल्मेटं करवतीनं उभी चिरून ठेवली. अकोल्याच्या त्यांच्या बैठकीत बुद्धाच्या तसबिरीखाली टेबलावर ती अर्धी अर्धी टाळकी मांडलेली असत, आणि आल्यागेल्याला काका समजावत. "हा आयएसआयचा शिक्का. वरचा आकडा चार-एक-पाच-एक, म्हनजे वस्तू हेल्मेट आहे. खालचा आकडा परवान्याचा, म्हनजे बनवली कोनं. खालचा आकडा नसन तं वरचं सारं चित्र समजा." मोबाइलवरच्या सरकारी अ‍ॅपमध्ये तो आकडा टाकला की कारखान्याचं नाव येतं, परवाना जिवंत आहे की मेला तेही कळतं, हे मला त्यांनीच दाखवलं. आणि एक वाक्य तर ते हटकून म्हणत : "शिक्का म्हनजे कौतुक नोय. शिक्का म्हनजे पत्ता. काई झालं तं कोनाची मान धराची, त्याचा पत्ता."

एकदा मी बाइकवाल्यांचं खास जाकीट घेतलं. बाहीवर तळहाताएवढं 'सीई' लिहिलेलं. युरोपातला सुरक्षेचा शिक्का, दुकानदारानं सांगितलं होतं. स्टाफरूममध्ये जरा मिरवून झाल्यावर मी काकांकडे मिरवायला गेले. इथेच माझं चुकलं. काकांनी जाकीट उलटं केलं, कोपराची चेन उघडली आणि आतलं पॅड ओढून बाहेर काढलं.

"मॅडम, हा शिक्का पॅडचा आहे. जाकिटाचा कुठी आहे?"

"एकच ना काका ते?"

"एक कसं? पॅड मार झेलते, जाकीट घासलं जाते. दोघायची परीक्षा वेगळी. जाकीट पास झालं असन तं त्याच्या आतल्या पट्टीवर ए लिहून असते. एक ए, दोन ए, नाईतं तीन ए. तीनवाला सगळ्यात वर." पट्टीवर काही नव्हतं. धुण्याची सूचना होती. "तराजूत ठेवलेला किलो खरा असला म्हनून तराजू खरा होत नाई," काका म्हणाले. वर त्यांनी हेही शोधून काढलं की जाकीट धुतल्यावर मी खांद्याचं पॅड कोपरात कोंबलं होतं.

मला रागच आला. "मग काय, फेकून देऊ का आता?"

"काहून फेकतं? घाल. पॅड तं खरं आहे. पन आपुन काय घातलं थे मालूम असू दे. मालूम नसलं का मानूस जोरात पयते."

हे सगळं इतक्या वेळा ऐकूनही मी जे केलं, ते सांगितल्याशिवाय काका पुरे होणार नाहीत.

माझी धाकटी बहीण शुभांगी हिचं लग्न तिवशाच्या प्रफुल्लशी ठरलं. त्याचं मोझरीला औषधांचं दुकान. रोज नागपूर रोडनं मोटारसायकलवर जाणं-येणं. आमच्याकडे लग्नात पाहुण्या पुरुषांना टोपी-दुपट्ट्याचा आहेर करतात. ती टोपी कोणी घालत नाही. ती खुंटीवर जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर चढते. आमच्या घरची एक टोपी तीन लग्नं हिंडून आमच्याकडेच परत आली होती; आईनं आतून घातलेला खुणेचा टाका तिला तसाच होता. बाबांच्या मनात आलं, ही टोपी आता पुरे. जावयासकट त्याच्याकडचे सगळे गाडीवर फिरणारे. आपण हेल्मेटं द्यायची, एकावन्न. हे त्यांनी सगळ्या भाजीबाजाराला सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, आणि खरेदी माझ्यावर सोपवली. "घरात हेल्मेटाची शिकलेली तूच," ते म्हणाले.

मी अमरावतीतल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं एक हेल्मेट पुढे केलं, मागे आयएसआय दिसत होतं. माल थोडाच आहे, आजच उचला, म्हणाला. मी उचलला. काकांचा एकही शब्द त्या वेळी आठवला नाही असं सांगायला मला आवडेल. पण आठवला होता. तपासलं आणि माल खोटा निघाला तर पुन्हा दुकानं धुंडाळा, पेपर तपासायचे पडलेत, पत्रिका वाटायच्यात, आणि बाबा एवढे खूश आहेत. या सगळ्यापायी मी डोळेझाक केली.

हळदीच्या दिवशी सकाळी काका अकोल्याहून आले. बाबांनी त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. लाल फिती बांधलेली एकावन्न हेल्मेटं तिथं रचून ठेवली होती. मी पाठोपाठ गेले. काकांनी एक उचललं, आतल्या थर्माकोलवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. मग मोबाइल काढून त्यांनी शिक्क्याखालचा आकडा टाकला आणि पडद्यावर आलेलं नाव दोनदा वाचलं.

"सुदामभाऊ, हा परवाना प्लायवूडच्या कारखान्याचा आहे."

"म्हनजे?"

"म्हनजे शिक्का खोटा. कोनाचा तरी आकडा उचलून चिटकवला. थर्माकोल बी टीव्हीच्या खोक्यातलं असते तसं आहे."

"वंदनानं तपासून आनले," बाबा म्हणाले. "थे तं तुह्याच शाळेतली आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांना जे कळायचं ते कळलं. "पोरीची चूक नाई," ते म्हणाले, "चिटकवनारे हुशार असतात. पन हे वाटू नका."

"उद्या सक्कायी लग्न आहे, तायडे! व्याह्यायले सांगून बसलो मी. आन आहेराची वस्तू कोन वापरते? रीत म्हनून द्याची असते."

"आहेराची टोपी लोक घालत नाईत, म्हनून कशीबी चालते. हे टोपी लोक घालतीन ना, सुदामभाऊ! तुमचा जावई हे घालून रोज मोझरीले जाईन. डोक्यावर कायतरी आहे या भरोशावर गाडी हानन."

बाबांना ते पटलं नव्हतं असं नाही. पण दारात मांडव उभा होता, आणि भरल्या बाजारात दिलेला शब्द होता. "तायडे, जेवून घे आन उद्यापर्यंत तोंड बंद ठेव," एवढं बोलून ते बाहेर गेले.

दुपारी अंगणात हळद लागत होती. मी पाट आणायला मागच्या खोलीत गेले, तर काका फरशीवर मांडी घालून बसलेले. मांडीवर हेल्मेट, हातात मोठा खिळा. शिक्क्यावर फुली मारत होते. एक आडवी, एक उभी, प्रत्येक वेळी तेवढीच. निम्म्याहून अधिक झाली होती.

"काका, बाबा तुमाले सोडनार नाईत."

"नको सोडू दे. वाटनं तं बंद होईन. देत जा एकेक, पाठ दुखून राह्यली."

मी दार लोटलं आणि खाली बसले. उरलेली वीस-बावीस हेल्मेटं मी एकेक करून त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि आहेराला सुरुवात झाली. प्रफुल्लच्या मामांनी पहिलं हेल्मेट हातात घेतलं, मागे फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हे काय, फुली मारलेला माल? आहेरातच टोपी घालून राह्यले का, सुदामभाऊ?" मांडवात हशा पिकला. बाबांनी दुसरं उचललं, तिसरं उचललं. सगळ्यांवर फुली.

"कोनं केलं हे?"

काका खुर्चीवरून उठले. "म्या."

बाबांपासून चार हातांवर मी फितींची कात्री घेऊन उभी होते. मी नुसतं 'आणि मी' म्हणायचं होतं. दोन शब्द. मी वर्गात शंभर मुलांपुढे तास तास बोलते. त्या दिवशी माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही.

"निंघ इथून," बाबा म्हणाले. "माह्या दारात पुन्हा पाय ठेवू नको."

काकांनी पिशवी घेतली. जाताना मामांच्या हातातलं हेल्मेट हलकेच काढून घेतलं, खाली ठेवलं आणि त्यांना म्हणाले, "राग नका मानू, पन हे घालू नका." लग्नघरातून हा माणूस उपाशी गेला. बाजारातून घाईघाईनं टोप्या-दुपट्टे आले, पंगती उठल्या, शुभांगी सासरी गेली. ती आज मजेत आहे. महिन्याभरात तिनं प्रफुल्लला स्वतः पारखून हेल्मेट घेऊन दिलं. त्या एकावन्नांपैकी एकही कोणी घातलं नाही, त्यामुळे ते घालून कोणी पडलंही नाही, आणि काका बरोबर होते हे बाबांना दाखवून द्यायची सोयच राहिली नाही.

लग्नानंतर मी अकोल्याला गेले आणि म्हटलं, काका, मी बाबांना सगळं सांगते. खरेदीचंही आणि खोलीतलंही.

"अजिबात नाई. एका वजनावर दोन शिक्के मारत नाईत. म्या म्हटलं म्या, झालं."

"पण तुमची एवढी दोस्ती!"

"दोस्ती आज नाई उद्या जुडन. पन बापाचा लेकीवरचा भरोसा हालला, तं तो जुडाले लय वर्सं लागतात. तू सांगू नको."

मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते. काका मोठ्या मनाचे होते म्हणून मी गप्प राहिले, असं स्वतःला समजावणं सोपं होतं. खरं कारण, मला गप्पच राहायचं होतं.

तीन वर्षं अशीच गेली. मी अकोल्याला गेले की काका विचारत, "सुदामभाऊचा गुडघा काय म्हनते?" इकडे बाबा तायडे हे नाव घेत नसत. पण मी अकोल्याहून आले की जवळ येऊन विचारत, "रस्ता कसा होता?" मी सांगे, बरा होता. तरी ते तिथंच उभे राहत, अजून काही बातमी असेल तर ऐकायला. दोघंही एकमेकांची वाट पाहत होते आणि दोघांच्या मध्ये मी गाडी चालवत होते.

मागच्या थंडीत काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. फोन आला तेव्हा बाबा दुकानावर होते. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, आणि समोरच्या बाईला मेथी मोजून दिली. अंत्ययात्रेला आले नाहीत. पुण्यानुमोदनाचा, काकांच्या आठवणींचा कार्यक्रम अकोल्याला होता, त्या दिवशी मात्र मी निघाले तेव्हा आपणहून पांढरं धोतर नेसून गाडीजवळ येऊन उभे राहिले.

बुद्धवंदना झाली. मग एकेक जण उठून काकांविषयी बोलू लागला. अकोल्याच्या बाजारातले एक म्हातारे व्यापारी म्हणाले, या माणसानं मला दोनदा दंड केला, आणि माझ्या मुलीच्या लग्नाला पाणी वाढायला तोच होता. त्यांच्यानंतर मी उठले. बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते. मी सांगितलं की एकावन्न हेल्मेटं मी न तपासता आणली होती. फुल्या काकांनी मारल्या, पण शेवटची वीस-बावीस हेल्मेटं त्यांच्या हातात मी दिली. मांडवात काका 'म्या' म्हणाले तेव्हा मी शेजारीच उभी होते आणि बोलले नाही. एवढं बोलून मी बसले. काकांच्या सूनबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. बाबांनी मान वर केली नाही.

परतताना मूर्तिजापूरला गाडी थांबवली. बाबांनी हेल्मेट काढलं, टपरीच्या बाकावर बसले. चहा आला, तो त्यांनी हातात नुसता धरून ठेवला. मी म्हटलं, बाबा, काहीतरी बोला, ओरडा माझ्यावर.

"तासभर अबोला धरून पाह्यला," ते म्हणाले. "मागं बसून मनाशी ठरवलं, आता या पोरीशी बोलाचंच नाई. अकोल्यापासून इथपर्यंत जमलं नाई मले."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुह्याशी तासभर जमलं नाई, बाई. मंग त्याच्याशी तीन वर्सं कसं जमलं मले?"